साचा मी पाठवायची नाही

आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं, आक्का विमानात बसून जर्मनीला गेली म्हणून भागाच्या पोटात दुखतंय. दुखतंय, खोटं कशाला बोलू? पण विमानापायी नाही. तसली विमानं रोज डोक्यावरून गेली तरी मी मान वर करायची नाही. माझं दुखणं वेगळं आहे आणि त्या दुखण्याचं नाव आहे फातमा.

आधी आक्का कोण ते सांगते. आक्का म्हणजे नवसाबाई, माझी थोरली जाऊ. मी चंद्रभागा, पण तिनं मला आल्या दिवसापासून भागाच केलं. सायखेड्याच्या घरात मी लग्न होऊन आले, तेव्हा ती उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी होती. माप ओलांडायच्या आधीच मला म्हणाली, "भाकरी येते का थापायला? का नुसतीच गोरी हायेस?" मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा पातळ येते." झालं! तिथून आमची जी जुंपली ती आजपर्यंत. जावा जावा, उभा दावा म्हणतात ना, तसलंच. चारचौघांत मी तिला "आक्का, तुम्ही" म्हणते आणि चुलीपाशी "अगं तू". तिला दोन्ही चालतं.

बाई कशी आहे म्हणाल तर तोंडाची फाटकी आणि हाताची गच्च. भाजीवालीकडून फुकटची कोथिंबीर घेतल्याशिवाय पुढं सरकायची नाही. स्वयंपाकघरात दुसरीचा हात लागलेला खपायचा नाही, एक माझा सोडून. थोरले दीर गेले तेव्हा ती लहानग्या अश्विनला घेऊन नाशकात आमच्याकडे, म्हसरूळला, राहायला आली. माझे मालक पुंजा सातपूरच्या कारखान्यात होते. अश्विन आम्हा दोघींच्या पदरात वाढला. मार द्यायची ती आणि भरवायची मी. पोरगं शिकलं, इंजिनिअर झालं, जर्मनीत नोकरीला लागलं.

आणि एक आमचा साचा. कुरडयांचा. पितळेचा, जुना, हातात धरला तर मनगट दुखेल इतका जड. सासूबाईंना वाटलं, एकीला दिला तर दुसरी रुसेल, म्हणून त्यांनी तो दोघींत मिळून एकच दिला. मोठी हुशार बाई! एका साच्यानं दोघींना दावणीला बांधून गेली. गोदामाईला पूर आला त्या साली पाणी ओट्यापर्यंत चढलं, तर आक्कानं धान्याची कोठी सोडली, साखरेचा डबा सोडला आणि साचा काखेत मारून माळ्यावर चढली. दीर खालून ओरडत होते, "अगं, कागदपत्रं घे!" ही म्हणते कशी, "कागदं परत मिळत्यात."

फाल्गुन लागला की आम्ही गहू भिजवतो. तीन दिवस गहू पाण्यात ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, ते आंबतात. मग वाटायचे, पिळायचे, फडक्यातून गाळून रात्रभर ठेवायचे. खाली बसतो तो पांढराशुभ्र चीक. सकाळी उकळत्या पाण्यात तो ओतायचा आणि न थांबता हाटायचा. हात थांबला की गुठळ्या. म्हणून हे काम दोघींचं, एकटीचं नाहीच. आक्का ओतते, मी हाटते. आणि पहिला वाफाळता चीक आम्ही दोघी एका ताटलीत घेऊन तेल-मीठ घालून उभ्या उभ्या खातो. नवरा नाही, पोरं नाहीत, आधी आम्ही. मग साच्यात भरून गच्चीवर कुरडया घालायच्या. इतकी वर्षं यात कधी खाडा पडला नव्हता.

यंदा पडला. अश्विन संक्रांत झाली की आक्काला घेऊन गेला. म्हणाला, "काकू, तीन महिने राहील, थंडी बघेल, येईल परत." मला म्हणाला तीन महिने. विमानतळावर मात्र त्याच्या मित्राला सांगत होता की आईच्या कायमच्या राहण्याचे कागद करता येतात का बघतोय. माझे कान काही गेलेले नाहीत. तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर. कुरडयांना आक्का परत येते, की तिकडचीच होते?

सुरुवातीला बरं होतं. म्हणजे माझ्यासाठी बरं, तिच्यासाठी वाईट. रोज फोन करायची, तोंड दाखवायची. डोक्याला लोकरीची टोपी, लुगड्यावर अश्विनचं जाडजूड जाकीट, पायात दोन-दोन मोजे. बघून मी इतकी हसले की पुंजा आतून बाहेर आले. ती मात्र रडकुंडीला आलेली.

"भागे, हितं मानूसच नाय गं. खिडकीतून बघावं तर रस्ता धुतल्यावानी मोकळा. अश्विन सकाळी जातो. मी भिंतींसंगं बोलती."

"मग बोल की. भिंती उलट तरी बोलायच्या नाहीत."

"दुपारी चारला अंधार पडतो. झोप कवा घ्यायची तेच कळंना. पाव खाऊन खाऊन दात हालाय लागलं."

वरवर "अगं बाई, अरेरे" म्हणायचे. आतून मला गुदगुल्या व्हायच्या. चला, म्हटलं, करमत नाहीये. येतेय परत. असं वाटणं चांगलं नाही हे मला कळतं, पण वाटायचं ते वाटलंच.

करमेना म्हणून बाईनं काय केलं? गहू भिजवले! दुकानातून पोराकडून गहू मागवले, फाल्गुनाचीही वाट बघितली नाही. बादलीत भिजवून बादली ठेवली खोली गरम करायच्या त्या लोखंडी पट्ट्यांजवळ. का तर थंडीत आंबायचे नाहीत. आता आंबलेल्या गव्हाचा वास आपल्याला ठाऊक. इकडे गच्चीवर असतो, सगळी गल्लीच तो करते, कुणी नाक मुरडत नाही. तिकडे दारं-खिडक्या बंद, वरून उष्णता. तिसऱ्या दिवशी तो वास जिन्यातून खाली उतरला आणि खालच्यांना वाटलं गॅस गळतोय. त्यांनी लावला फोन. मोठी लाल गाडी आली आगवाल्यांची, तोंडाला नळ्या लावलेली माणसं आली आणि अख्खी इमारत थंडीत रस्त्यावर काढली. आमची आक्काही त्या गर्दीत उभी, जाकीट आणि मोज्यांत. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घरी आग लागली. दयेनं च्यक् च्यक् करत होती म्हणे!

शेवटी हुंगत हुंगत ती माणसं आक्काच्या बादलीपाशी पोचली. हे ऐकताना मी पलंगावर लोळून हसत होते. डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग तिनं पुढचं सांगितलं आणि माझं हसू तिथंच आटलं.

"समदी नाकाला रुमाल लावून उभी, भागे. माजी मान खाली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची एक बाई म्होरं आली. माज्याच वयाची, डोईला फडकं बांधलेलं. तिनं बादलीत हात घातला. एक दाना काढला अन् बोटानं चिरडला. पांढरं दूध आलं बघ. अन् ती हसाय लागली, अन् मला मिठीच मारली! तुर्कस्तानची हाय. तिची आईबी असाच गव्हाचा चीक काढायची, अश्विननं मागनं इचारून सांगितलं. तिनंच त्या मानसांना समजावलं. फातमा नाव हाय."

"बरं," मी म्हटलं.

झालं, त्या दिवसापासून फातमा सुरू झाली. फातमानं बाजार दाखवला. फातमानं बसगाडीत बसायला शिकवलं. फातमाच्या घरचा चहा साखरेचा खडा दातात धरून प्यायचा असतो. फातमा तिच्या नातवांना अशी धोपटते, अगदी आपल्यावानी. अगं पण तुला तिची भाषा येत नाही, तिला तुझी येत नाही! तर म्हणे, "न येऊ दे. कळतं." माझ्याशी इतकी वर्षं एका भाषेत बोलतेय, तर रोज म्हणायची "तुला काय बी कळत नाय."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पुंजा म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस असतात, सोड." मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा." फोनही आखूड झाले. आधी ती ठेवू द्यायची नाही, आता म्हणायची, "ठेवती गं, फातमा वाट बघती." हे वाक्य मला भाताबरोबर खडा चावावा तसं लागायचं. मत्सर म्हणतात तो हाच असेल तर असो. होता मत्सर. मी काही संत नाही.

मग एक दिवस तिनं फोन उभा करून ठेवला आणि म्हणाली, "बघ, चीक शिजवतोय." बघते तर पातेल्यात आक्का चीक ओततेय आणि हाटतेय कोण? ती! डोईचं फडकं मागे सारून, दोन्ही हातांनी. माझ्या जागेवर. हाटतही बरी होती, तेच जास्त लागलं. वाईट हाटत असती तर एकवेळ मी माफ केलं असतं. मग आक्कानं ताटली घेतली, वाफाळता चीक काढला, वर तेल-मीठ. दोघींनी एकाच ताटलीत बोटं घातली.

मी फोन कापला. रेंज गेली असं नंतर सांगितलं.

दोन दिवसांनी तिचा परत फोन. शेजारी अश्विन बसलेला. आवाज कधी नव्हे तो मऊ. "भागे, आपल्या गल्लीतला ललित हिकडं यायचाय ना नोकरीला? त्याच्यासंगं साचा धाडून दे."

"कुठला साचा?"

"आपला. पितळंचा. हितं चीक होतो, पन कुरडया घालता येत न्हाईत."

अश्विन मधे बोलला, "काकू, पाठवा ना. आईला इथंच सगळं मिळालं की तिचं मन लागेल. मग उगाच धावपळ करायला नको."

उगाच धावपळ! परत येणं म्हणजे उगाच धावपळ! साचा गेला म्हणजे आक्का गेली, इतकं मला न शिकताही कळत होतं. मी म्हटलं, "साचा मी पाठवायची नाही."

"अगं, पन—"

"तुझ्या एकटीचा नाहीये तो. सासूनं दोघींना दिलाय. त्या फातमाच्या हातात द्यायला नाही दिलेला. जर्मनीत लोखंड संपलंय का? घे तिथंच नवा. आणि मन लागलंय ना तुझं? मग माझ्याशी कशाला बोलतेस?"

आक्कानं अश्विनकडे बघितलं. मीच फोन ठेवला आणि त्यानंतर तिचा आला तरी उचलला नाही. अबोला म्हणजे अबोला.

ललितची आई दोनदा विचारून गेली, "काकू, काही द्यायचंय का आक्कांना? बॅगेत जागा आहे." मी म्हटलं, "काही नाही." ललित गेला.

पण माझं डोकं काही थंड होईना. मनात आलं, तिला जर दुसरी मिळते तर मलाही मिळेल. वरच्या खोलीत तेजस्विनी नावाची भाडेकरू आहे, बँकेत जाते, गोड पोरगी. तिला म्हटलं, "रविवारी कुरडया घालायच्यात, येतेस का मदतीला?" ती आनंदानं हो म्हणाली. मी गहू भिजवले, वाटले, पिळले. आणि मनात एकच की फोटो काढायचा आणि धाडायचा आक्काला. बघ म्हणावं. तुझ्यावाचून काही अडलं नाही.

रविवारी सकाळी तेजस्विनीनं ओतलं, मी हाटलं. पोरगी ओतायची भसकन्, मग "सॉरी काकू, सॉरी काकू". दोन गुठळ्या झाल्याच. तरी चीक शिजला, चकाकायला लागला. आता गरम आहे तोवर साच्यात भरायचा. मी ट्रंक उघडली. साचा आक्कानं जाण्याआधी आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवला होता, वर तिची ती दातांनी सोडवावी लागणारी गाठ. गाठ सोडली. भांडं होतं, वरचा दांडा होता, शेवेची बारीक भोकांची चकती होती.

कुरडईची चकती नव्हती.

ट्रंक पालथी केली. लुगडं झटकलं. तेजस्विनी म्हणाली, "काकू, दुसरं काही चालेल का?" चीक तिकडे निवत चाललेला. पुंजा म्हणाले, "भांडी बाजारातून नवी चकती आणू का? पाच मिनिटांचं काम." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तसे ते पेपर घेऊन बसले. मी कुठंही ठेवलेली नव्हती. साचा बांधला होता आक्कानं. तिच्याशिवाय त्या ट्रंकेला हात लावणारं या घरात कुणी नाही.

अबोला गेला खड्ड्यात. मी फोन लावला. तिथं नुकतं उजाडत होतं. तिचं झोपेतलं तोंड दिसलं, पांढरे केस पिंजारलेले. अश्विन शेजारी नव्हता.

"कुरडईची चकती कुठाय?" मी ओरडलेच.

ती उठली, कपाट उघडलं, पिशवीतून एक पुरचुंडी काढली. उलगडून फोनसमोर धरली. तीच. पितळेची, एक भोक जरा फाटलेलं.

"तू नेलीस?"

"मीच नेली."

"साचा इथं आणि चकती तिथं? काय करणार होतीस नुसती चकती घेऊन? कान टोचणार होतीस?"

"काय बी करनार नव्हते." मग तिचा पारा चढला, माझ्यापेक्षा वर. "मी तिकडं नसताना तू दुसरीसंगं कुरडया घालशीन म्हनून नेली! अन् घातल्याच असत्यास ना? कोन हाय ती मागं उभी? ती बँकेतली? तिला वतता तरी येतं का? बघ, गुठळ्या झाल्यात, हितून दिसत्यात मला!"

तेजस्विनी बिचारी पातेल्यामागे लपली. मला काय वाटलं सांगू? राग यायला हवा होता. सपशेल चोरी होती ती. पण राग आलाच नाही. म्हणजे जायच्या आधी, पिशवी भरतानाच, ही बाई माझ्यावर जळत होती. फातमा तिला भेटायच्याही आधी.

"आणि तू फातमाबरोबर एका ताटलीत खाल्लंस ते?" मी म्हटलं.

"खाल्लं. एकटीनं घास उतरंना." तिचा आवाज खाली आला. "अगं, ती मला म्हनली, कुनासाठी रडतीस? अश्विनच्या फोनवर आपलं बोलनं तिच्या भाषेत होतं, पन त्याला ‘जाऊ’ काय ते सांगता येईना. मग मी दोन चमचे मांडले, हे दोगं भाऊ. त्यांच्या शेजारी दोन वाट्या, ह्या दोगी बायका. एका वाटीवर बोट ठेवलं, मी. दुसरीवर बोट ठेवलं अन् मला रडू आलं. तर ती म्हनली, एल्ती. त्यांच्यातबी हाय हे नातं, नाव हाय त्याला. तिचीबी हाय एक, तिकडं गावाला. बोलत न्हाईत दोगी. लय वर्सं झाली."

माझा अबोला मला आठवला.

"मग साचा कशाला मागितलास?" मी विचारलं. "कायमचं राहायचंय म्हणूनच ना?"

ती दाराकडे बघून बारीक आवाजात बोलायला लागली. "अश्विननं मागाय लावला. त्यो म्हनतो, आई, तुला तिकडनं काय पायजे ते आनवून देतो, पन तू हितं ऱ्हा. लय जीव लावतो गं पोरगं. त्याला कसं नाय म्हनू? माज्या तोंडातून निघंना. म्हनलं, भागाला इचारते. ती देती तर ऱ्हाते."

"म्हणजे माझ्यावर टाकलंस?"

"तुज्यावरच टाकलं. तू नाय म्हनशीन हे ठावं व्हतं मला. तू काय आज भेटलीस का? तू साचा दिला असतास ना भागे, तर मग मी ऱ्हायलेच असते हितं. म्हनलं असतं, आता तिकडं कुनाला गरज न्हाय."

मागे चीक पातेल्यात घट्ट होत चालला होता आणि तेजस्विनी हळूच विचारत होती, काकू, याचं काय करायचं.

"ऐक," मी शेवटी म्हटलं. "ललित गेला. मोकळ्या हातानं गेला."

"ठावं हाय. कालच आला हितं. त्याला मोकळा बघून मी अश्विनला सांगितलं, तुझी काकू ऐकत न्हाय, आता मला जावंच लागन. चैतात तिकीट काढतो म्हनलाय. जरा रुसलाय, पन काढतो म्हनलाय."

चैत्रात ऊन कडक असतं. कुरडया एका दिवसात वाळतात. हे मी तिला सांगितलं नाही, तिला माहीत आहे.

"चकती जपून आण," मी म्हटलं. "हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको."

"मला नको शिकवू. अन् त्या पोरीला आजचा चीक खाऊ घाल, गुठळ्या काढून. पन एका ताटलीत नाय."

"नाही."

"वेगळ्या वाटीत दे."

"हो म्हटलं ना! आणि त्या फातमाला सांग, एकदा नाशिकला ये म्हणावं. राहा, खा, गच्चीवर कुरडया घाल. पण तिला आधीच सांगून ठेव, इथं चीक मी हाटणार."